हाक खाली पोचेपर्यंत

आमच्या रास अल खैमात ऋतू बदलल्याची बातमी आभाळ देत नाही, एसी देतो. नोव्हेंबर सरता सरता एखाद्या पहाटे अंगावरची चादर पुरेनाशी होते, आपण अर्धवट झोपेत उठून बटण दाबतो आणि कित्येक महिने कानात मुरलेली ती घरघर थांबते. मग एकदम सगळं ऐकू यायला लागतं. शेजारच्या खोलीतल्या माणसाचं खोकणं, समोरच्या किराणा दुकानाचं शटर, सिमेंटच्या कारखान्याकडे निघालेले ट्रक, मोरीतला ठिबकणारा नळ. लोक म्हणतात, आता इथले चांगले दिवस सुरू झाले. खरंच आहे ते. मला मात्र पहिले दोन-चार दिवस ही शांतता सोसत नाही. एसी चालू असतो तोवर खोलीत आणखी कुणीतरी आहे असं वाटत राहतं.

यंदाही परवाच एसी बंद केला आणि चहाचा कप घेऊन गॅलरीत आलो. हवेतला दमटपणा गेला होता. उन्हाळाभर धुरकट पडद्यामागे दडून बसलेला जबल जैस समोर लख्ख उभा होता. अमिरातींमधला सगळ्यांत उंच डोंगर म्हणे. झाड नाही, झुडूप नाही, नुसता तपकिरी दगड, सकाळच्या उन्हात जरासा गुलाबी. तो असा दिसला की मला एकच हिवाळा आठवतो. रेवा पुण्याला गेली तो.

रेवा म्हणजे माझी मुलगी. तिचं सगळं बालपण दुबईच्या कडेला, अल कुसैसमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये गेलं. दहावी झाली आणि इथल्या बऱ्याच मराठी घरांत होतं तेच आमच्याकडे झालं. इंजिनीअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास पुण्याचाच हवा, असं ठरलं. मुलगी निघाली, तिच्याबरोबर तिची आई, अनघा, निघाली. फ्लॅट सोडला, सोफा कुणाला, फ्रीज कुणाला देऊन टाकला, आणि मी रास अल खैमात, माझ्या टाइल्सच्या कारखान्याजवळ एका खोलीत राहायला आलो. लग्नाला इतकी वर्षं झालेला मी पुन्हा बॅचलर झालो. इथे ज्याचं कुटुंब सोबत नाही तो बॅचलर, मग त्याला नातवंडं का असेनात!

फोन रोज व्हायचा. त्यात कधी खंड पडला नाही. पण त्या फोनमध्ये होतं काय?

"जेवलीस का?"

"हो."

"काय केलं होतं आईने?"

"द यूज्वल."

"क्लास कसा झाला?"

"गुड."

"आणि मैत्रिणी? कुणी झाली का नवीन?"

"बाबा, आय हॅव अ टेस्ट टुमॉरो. आईला देऊ?"

आई फोन घ्यायची आणि म्हणायची, "अरे, ती माझ्याशीही एवढंच बोलते. मनाला लावून घेऊ नकोस." मी लावून घेत होतो. मला भीती वाटायची, आणि ती एकच होती. ही पोरगी माझ्याशी बोलायचं हळूहळू विसरून जाईल. भांडण होणार नाही, रुसवा होणार नाही. नुसती रोज एकेक शब्दाने कमी होत जाईल आणि एक दिवस आमच्यात जेवलीस का, हो, एवढंच उरेल. फोन ठेवल्यावर मी खोलीकडे बघत बसायचो. कॉट, कपाट, प्लास्टिकची खुर्ची, इस्त्रीचं टेबल. एकट्या माणसाच्या खोलीत सगळं आपापल्या मापाचं असतं. खुर्ची खुर्चीएवढीच, सुट्टी सुट्टीएवढीच. मग भात लावायचा आणि तो खालून लागला तर तसाच खायचा.

मापाचं म्हणालो, कारण मापं काढणं हाच माझा धंदा. मी क्वालिटीत आहे. टाइल काटकोनात आहे की नाही, कड सरळ आहे की नाही, रंगाची छटा कालच्या मालाशी जुळते की नाही, हे बघण्यात माझा जन्म गेला. केसाएवढा फरक पडला की माल बाजूला. आमच्याकडे अतिशयोक्तीला रिजेक्शन म्हणतात. रेवा लहान होती तेव्हा दर हिवाळ्यात आम्ही एका सुट्टीच्या दिवशी जबल जैसवर जायचो. तिथे जायचं ते मुख्यतः स्वेटर घालायला. वर्षभर कपाटाच्या तळाशी डांबराच्या गोळ्यांत पडलेले स्वेटर तेवढे एक दिवस बाहेर यायचे. वर पोचल्यावर रेवा विचारायची, "बाबा, हाउ हाय आर वी?" आणि मी बोर्डावरचा आकडा वाचून दाखवायचो. तिला तो आकडा पाठ झाला होता, तरी ती दरवर्षी विचारायची.

त्या हिवाळ्यात कारखान्यात नवं छपाईचं मशीन आलं, आणि ते बसवायला चीनहून मिस्टर लिन आले. माझ्याच वयाचे, बारीक अंगाचे, केसांत नुकती पांढरी रेघ. गावाकडे म्हातारी आई, बाकी कुणाबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. इंग्रजी त्यांचं मोडकं, हिंदी शून्य. बोलायचं तर ते फोन तोंडाशी धरून चिनीत काहीतरी सांगायचे, आणि फोनमधली एक बाई अगदी बातम्या दिल्यासारखं त्याचं इंग्रजी करून सांगायची. दुपारी कँटीनमध्ये आम्ही दोघं समोरासमोर डबे उघडायचो. माझा लागलेला भात, त्यांचे उकडलेले नूडल्स. मधे त्या बाईला ठेवून आम्ही गप्पा मारायचो.

मशीन कुठलंही चित्र टाइलवर उतरवू शकतं हे दाखवायला लिननी एक चित्र निवडलं. खाली नदी, तिच्यावर डोंगर, डोंगरावर मनोरा, मनोऱ्यावर चंद्र आणि कडेने उभ्या ओळींत एक फार जुनी चिनी कविता. हे सगळं मिळून एक भिंतभर पॅनेल. भाजून निघालेल्या टाइल्सच्या पाठीवर मी माझ्या हाताने नंबर घातले आणि कँटीनच्या मागच्या भिंतीवर लावायला खानसाबकडे दिल्या. खानसाब म्हणजे आमचा पेशावरकडचा मिस्त्री, मोठा हसरा माणूस. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर नदी आभाळात, मनोरा मधोमध तुटलेला, आणि चंद्र खाली, जमिनीला टेकलेला.

"खानसाब, ये क्या किया?"

"साब, आपने जिसको एक नंबर लिखा, मैंने वही पहले लगाया. दीवार तो नीचे से ही उठेगी ना?"

मी नंबर घातले होते वरून, कागदावर लिहितात तसे. त्याने टाइल्स लावल्या खालून, भिंत बांधतात तशा. वर त्याला सवय उर्दू वाचायची, म्हणून सुरुवात उजवीकडून. त्याचं चूक म्हणावं तर तोही बरोबर होता, आणि मीही. "खलास साब, अब तो पकड़ लिया," खानसाब टाइलवर बोट वाजवत म्हणाला. सिमेंट घट्ट धरलं होतं. मी कपाळाला हात लावला. नवीन मशीनचा पहिलाच नमुना, आणि त्याचे असे तीनतेरा.

लिन आले. बराच वेळ भिंतीसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता चिडणार. पण ते हसायला लागले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांना मोकळं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "नो ब्रेक, नो ब्रेक," ते म्हणाले, म्हणजे भिंत फोडू नका. मग फोन तोंडाशी धरून बोलले, आणि बाईने सांगितलं, कवीला हे आवडलं असतं. माणूस खूप उंच गेला की वर काय आणि खाली काय हे त्याला कळेनासं होतं.

त्या दुपारी त्यांनी मला ती कविता समजावली. बाईने तिचं जे इंग्रजी केलं ते धड कविता नव्हतं, पण मला लागलेला अर्थ असा. एक माणूस डोंगरावरच्या मनोऱ्यावर चढलाय. तो म्हणतो, इथे इतकं उंच आहे की बगळ्यांचे थवे माझ्या जोड्यांखालून गेले. मी फळ खाऊन आठळी खाली टाकली; ती जमिनीला लागायच्या आत तिचं झाड झालं आणि त्याला मोहोर आला. मग मी कठड्याला टेकून घरच्यांना हाक मारली. हाक खाली पोचली तेव्हा माझी मुलं म्हातारी झाली होती.

मी डबा बंद करून ठेवला. पुढे जेववेना.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "खरंच एवढा उंच आहे का तो मनोरा?" लिन परत हसले. शाळेच्या सहलीत ते तिथे गेले होते. तीन मजले. वरच्या मजल्यावर उभं राहिलं तरी खाली भाजी विकणाऱ्या बाईची घासाघीस ऐकू येत होती. पोरांनी मास्तरांना विचारलं होतं, मग कवी खोटं बोलला का? मास्तर काय म्हणाले ते लिनना आठवत नव्हतं. त्यांचं स्वतःचं उत्तर त्यांनी बाईची मदत न घेता दिलं, "ही अलोन. होम व्हेरी फार. सो, व्हेरी हाय."

मी पुढे कित्येक दिवस यावर विचार करत राहिलो. शाळेत अतिशयोक्ती अलंकार शिकलो तेव्हा तो मार्कांपुरता होता. व्याख्या पाठ करायची, उदाहरण लिहायचं आणि मोकळं व्हायचं. पण आपण बोलतो ते तरी दुसरं काय असतं? माझी आई दिवसातून चारदा म्हणायची, शंभरदा सांगितलं तुला. अनघा माहेरून दोन दिवसांनी परत आली की म्हणते, युगं झाली रे तुला बघून. पोराला नोकरी लागली तर बापाला आभाळ ठेंगणं होतं, आणि त्याच पोराची नोकरी गेली की तेच आभाळ बापावर कोसळतं. आमच्या या देशात तर कुणी काही मोठं बोललं की ते बांधूनच दाखवतात. जगातलं सगळ्यांत उंच, सगळ्यांत लांब, सगळ्यांत मोठं. पण बांधून झालं की त्याची उंची ठरते, बोर्डावर लागते आणि तिथेच थांबते. त्या कवीचा मनोरा तीन मजल्यांचा असूनही अजून वाढतोच आहे.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा उमगली. अतिशयोक्ती एकट्याने करता येत नाही. समोर कुणीतरी हवं, ‘हॅट, काहीतरीच काय!’ म्हणणारं. आपण आकाशाएवढं सांगायचं आणि त्याने ते खाली ओढून ताटाएवढं करायचं, यातच तर संसाराची सगळी गंमत असते. तो कवी एवढं सगळं कुणाला सांगत होता? मनोऱ्यावर तर चिटपाखरू नव्हतं. मला वाटतं, तो हेच वाक्य ऐकायला आसुसला होता. मीसुद्धा होतो.

डिसेंबरच्या सुट्टीत रेवा दहा दिवस येणार होती. मी तिचा स्वेटर धुऊन गॅलरीत उन्हात टाकला होता. जबल जैसला जायला सहकाऱ्याची गाडी सांगून ठेवली होती. आणि एका संध्याकाळी तिने स्वतःहून फोन केला. तिने आपण होऊन फोन करायची ही महिन्यातली पहिलीच वेळ. नाव बघून मी हरखून गेलो.

"बाबा, देअर इज अ टेस्ट सीरिज इन द हॉलिडेज. इट्स कंपल्सरी."

"बरं."

"आर यू अपसेट?"

"नाही गं. अभ्यास महत्त्वाचा."

"ओके. बाय, बाबा."

मला फार वाईट वाटलं. रडू आलं म्हटलं तरी चालेल. पण आमच्या दोघांच्या बोलण्यात कुठे काही टोचलं नव्हतं, सगळं कसं काटकोनात होतं. स्वेटर मी परत घडी करून ठेवला.

गाडी सांगून ठेवलीच होती, म्हणून लिनना म्हटलं, चला. सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. सिमेंटसाठी पोखरलेले डोंगर मागे पडले, रस्ता वळणं घेत वर चढू लागला. वाटेत शेळ्या रस्त्यात बसलेल्या. हॉर्न वाजवला तरी हलेनात, तेव्हा लिन खाली उतरून त्यांच्याशी चिनीत बोलले आणि त्या उठल्या. वर चहाची गाडी उभी होती. वारा असा की कागदी पेला हातात धरवत नव्हता. आजूबाजूला कुटुंबंच कुटुंबं. शेगडीवर मांस भाजणारे बाप, टोप्या घालायला नकार देणारी पोरं, त्यांच्या मागे धावणाऱ्या आया. एवढ्या गर्दीत आम्ही दोघंच असे होतो की ज्यांना कुणी टोपी घाल म्हणत नव्हतं.

लिननी आईला फोन लावला. वाऱ्यामुळे ओरडून बोलावं लागत होतं. पलीकडून म्हातारीचा चिरका आवाज मलाही ऐकू येत होता. बराच वेळ ती बोलत राहिली, लिन नुसते मान हलवत होते. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "आय से, हिअर स्नो. अप टू हिअर," असं म्हणून त्यांनी गुडघ्याला हात लावून बर्फ कुठवर आलंय ते दाखवलं. तिथे बर्फाचा कणही नव्हता, पायाखाली धूळ होती. "शी व्हेरी अँग्री. शी से, वेअर टू सॉक्स." म्हणजे एकावर एक दोन मोजे घाल. आणि हे सांगताना त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मी दुसरीकडे बघितलं.

मी रेवाला फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. ती क्लासमध्ये असणार, फोन दप्तरात. एरवी मी ‘नंतर करतो’ एवढा मेसेज टाकून सोडून दिलं असतं. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे. कठड्याशी गेलो, बटण दाबून धरलं आणि बोलायला लागलो.

"रेवा, बाबा बोलतोय. मी जबल जैसवर आलोय. अगं, आज इतका उंच आलोय की इथून पुणं दिसतंय. खोटं नाही सांगत. आपली गच्ची दिसतेय. आईने तुझा पिवळा कुर्ता वाळत घातलाय, त्याची एक बाही चिमट्यातून निसटलीय बघ. वारा आहे, उडून जाईल. थांब, मी जरा वाकतो. हात पोचेल असं वाटतंय."

बटण सोडलं आणि मेसेज गेला. लगेच मला लाज वाटली. सोळा वर्षांच्या, परीक्षेला बसलेल्या मुलीला बापाने असलं काहीतरी पाठवायचं? ती हसेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे हसणारही नाही, नुसता एक अंगठा पाठवेल. पुसून टाकावा म्हणून फोन काढला तर वर सिग्नल गेला होता. उतरताना लिन गाडीत झोपून गेले. गाडी चालवत मी दर वळणावर खाली, दूर समुद्राच्या कडेने लागत चाललेले दिवे बघत राहिलो.

ती भिंत अजून आहे. लिन पुढच्या वर्षी परत गेले, मग त्यांचा नंबर लागेनासा झाला. मॅनेजर बदलले, कँटीनचं छत बदललं, भिंत मात्र कुणी पाडली नाही. त्या खालच्या चंद्राला सफाईवाले आता पोछे टेकवून ठेवतात. परवा एसी बंद केला त्या दिवशी मुद्दाम जाऊन आलो. रेवा आता बंगळुरात नोकरी करते, अनघा पुण्यात माझ्या आईपाशी आहे, आणि मी अजून इथेच. घरची माणसं तीन गावांत आणि फोन तीन. एकटं वाटायचं ते काही संपलेलं नाही. सवय झाली म्हणतात, तीही नीटशी झालेली नाही.

पण जबल जैसवरून उतरलो त्या संध्याकाळी मी खोलीवर आलो, चहा टाकला, मोजे काढले. कोपऱ्यावरच्या मशिदीत अजान सुरू होती. पुण्यात क्लास सुटायची वेळ झाली होती. कॉटवर बसून फोन बघितला तर रेवाचा आवाजी मेसेज आला होता. एवढासा. मागे स्कूटरींचा गलका, कुणीतरी तिला नावाने हाक मारतंय, आणि ती धापा टाकत, घाईघाईने बोलतेय.

"बाबा, वाकू नकोस ना. पडशील."

मी तळमजल्यावरच्या खोलीत, कॉटवर बसलो होतो. तरी जरा मागे सरकून बसलो.